‘धूसर’ चित्रांबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

टेराहर्ट्झ होलोग्राफीवरच्या (मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्यामधल्या अदृश्य टेराहर्ट्झ प्रकाशाने भिंगाविना वस्तूचं चित्र मिळवण्याच्या तंत्रावरच्या) माझ्या लेखाखाली ‘निवृत्त अभियंता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: या तंत्राचं रिझोल्यूशन (किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते) जेमतेम अर्धा मिलिमीटर, चित्र धूसर, मग होलोग्राम काढून मिळवलं काय? क्ष-किरण असताना हे हवं कशाला? पाण्यातून हा प्रकाश जात नाही हे लेखात दडपलं आहे. कॅमेऱ्याच्या किमतीबद्दल अवाक्षर नाही. आणि शेवटी, ‘प्रयोगशाळेचं दार न पाहिलेल्यांनी परदेशी बातम्यांची भाषांतरं करून वाचकांना भुलवू नये.’

तिथेच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण हे शेवटचं वाक्य काही पचेना.

अभियंतासाहेब, मतभेदाला माझी ना कधीच नव्हती. या ब्लॉगवर माझी आकडेमोड तपासणारे वाचक आहेत आणि त्यांचा मला आधार वाटतो. पण तुम्ही आकडेमोड तपासली नाहीत, तुम्ही थेट माझी लायकी काढलीत, तीही टोपणनावाआड बसून. लेखाशी भांडा, जरूर भांडा. लिहिणाऱ्याने दार पाहिलंय की नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

दार पाहिलंय. पीएचडीच्या काळात युरोपातल्या एका प्रयोगशाळेत मी या तंत्राला लागणाऱ्या लेझरवर काम केलं आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरने मिथेनॉलची वाफ चेतवायची, की त्या वाफेतून 118.8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा, म्हणजे 2.52 टेराहर्ट्झचा प्रकाश निघतो. नळीचं तापमान थोडं हललं की पॉवर घसरते आणि सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. हा झोत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आधी लाल लेझर त्याच वाटेने सोडून आरसे लावायचे. आमचा कॅमेरा पायरोइलेक्ट्रिक होता. त्याचा स्फटिक फक्त उष्णतेतल्या बदलाला दाद देतो, स्थिर झोत त्याला कळतच नाही, त्यामुळे समोर सतत फिरणारी चकती हवी. तिची घरघर दिवसभर ऐकलेल्या माणसाला ‘बातम्यांची भाषांतरं’ म्हणताना थोडा विचार करायला हवा होता.

आता मुद्द्याकडे येतो: ‘चित्र धूसर, मग होलोग्राम काढून मिळवलं काय?’

अर्धा मिलिमीटर हा या तंत्राचा गुणधर्म नाही, तो एका विशिष्ट मांडणीचा हिशोब आहे. तरंगलांबी गुणिले वस्तूपासून डिटेक्टरचं (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाचं) अंतर, भागिले डिटेक्टरची रुंदी, हे ढोबळ सूत्र. साडेसात मिलिमीटर रुंदीचा छोटा डिटेक्टर तीन सेंटिमीटरवर ठेवला तर उत्तर येतं सुमारे 475 मायक्रॉन. हाच तुमचा अर्धा मिलिमीटर. तोच डिटेक्टर एक सेंटिमीटरवर आणा, ते 160 मायक्रॉनच्या आत येतं. कॅमेरा सरकवत शेजारशेजारचे होलोग्राम टिपून जोडले तर डिटेक्टर रुंद केल्यासारखंच होतं आणि आकडा आणखी उतरतो. 2014 मध्ये बीजिंग आणि झ्युरिकच्या संशोधकांनी टिपलेला होलोग्राम गणिताने कडेपलीकडे वाढवून चतुर या कीटकाच्या मागच्या पंखाचं चित्र अधिक रेखीव केलं. त्याचा उल्लेख माझ्या लेखात आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

पण समजा, रिझोल्यूशन अर्धा मिलिमीटरच राहिलं. तरी तुमचा प्रश्न चुकीच्या जागी लागतो. साधा कॅमेरा फक्त तीव्रता नोंदवतो. होलोग्राममध्ये वस्तूवरून आलेला प्रकाश रेफरन्स बीमशी, म्हणजे त्याच लेझरच्या वस्तूला न भिडलेल्या झोताशी, मिसळून पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांत फेज बांधलेली असते, म्हणजे लहर वाटेत किती मागे पडली याची नोंद. पॉलिथिनचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात हवेपेक्षा किती पट हळू चालतो ते) टेराहर्ट्झ प्रकाशासाठी साधारण 1.54 आहे, म्हणजे हवेच्या 1 पेक्षा 0.54 ने जास्त. 118.8 मायक्रॉनला भागिले 0.54 केलं की येतात 220. पॉलिथिनच्या जाडीत 220 मायक्रॉनचा फरक पडला की फेज एक पूर्ण फेरी मारते. म्हणजे 10 मायक्रॉनचा फरक सुमारे 16 अंशांचा. हा फरक मोजता येतो.

आमच्याकडे पॉलिथिनची पांढरी अपारदर्शक चकती होती, तिच्या पाठीवर उथळ अक्षरं कोरलेली. तीव्रतेचं चित्र लावलं की कडांच्या पुसट सावल्यांपलीकडे फारसं काही नसायचं. त्याच होलोग्राममधून फेज काढली की अक्षरं तळासकट उभी राहायची, कुठे हत्यार खोल गेलं आणि कुठे उचललं गेलं तेही कळायचं. रुंदीत शेकडो मायक्रॉनचा ठिपका आणि खोलीत दहा मायक्रॉनची जाण, या दोन गोष्टी एकाच चित्रात एकत्र नांदतात. ज्याने फक्त रुंदी पाहिली त्याला ते धूसर दिसणारच.

आणि हे सगळं भिंगाशिवाय होतं. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी 1948 मध्ये होलोग्राफी मांडली तीच मुळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांच्या दोषांवर उपाय म्हणून. त्यांच्या मांडणीत खऱ्या प्रतिमेवर त्याच वस्तूची दुसरी, धूसर जुळी प्रतिमा चढून बसायची. 1962 मध्ये लीथ आणि उपात्निएक्स या संशोधकांनी रेफरन्स बीम तिरका टाकून ती वेगळी केली. गाबोर यांना नोबेल मिळालं 1971 मध्ये. पहिल्या चित्रांच्या धूसरपणावर निकाल दिला असता तर हा विषय तिथेच संपला असता.

बाकीचे मुद्दे. पाण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. एक टेराहर्ट्झला पाण्यात हा प्रकाश मिलिमीटरच्या वीसाव्या हिश्शातच बराचसा शोषला जातो. हा आकडा मी लेखात द्यायला हवा होता, आता टाकला आहे. ‘दडपलं’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. क्ष-किरणांबद्दल एवढंच, की प्लॅस्टिकचे पातळ थर क्ष-किरणांना जवळपास दिसतच नाहीत, आणि टेराहर्ट्झच्या फोटॉनमध्ये (प्रकाशकणात) इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हजारांशांत मोजावी इतकीच ऊर्जा असते, म्हणून क्ष-किरणांसारखा अपाय होण्याची भीती नाही. कोलंबिया यानाच्या 2003 मधल्या दुर्घटनेनंतर नासाने यानाच्या इंधनटाकीवरचा फोम तपासायला टेराहर्ट्झ वापरलं, ते उगाच नाही. (ती पद्धत प्रकाशाचे क्षणिक स्पंद सोडण्याची होती, होलोग्रामची नव्हे. हे मीच सांगतो, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर येईल.) किंमत हा त्या लेखाचा विषय नव्हता.

2015 मध्ये फ्लॉरेन्सच्या गटाने क्वांटम कॅस्केड लेझर (अर्धवाहकाचा छोटा लेझर) वापरून असे होलोग्राम जिवंत व्हिडिओच्या वेगाने दाखवले. पुढचा लेख त्यावरच आहे. फेजची फेरी पूर्ण झाली की जाडी ओळखण्यात जो घोळ होतो तो कसा सोडवायचा, हेही त्यात येईल. या तंत्राची खरी अडचण ती आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखही नाही. त्यावर आकड्यांनिशी लिहा, एकेका ओळीला उत्तर देईन. माझ्या शिक्षणाबद्दल पुन्हा काही लिहिलंत तर मात्र ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.