मोठं शहर, मोठा संघ? मिसिसागाला विचारा

टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या आणि पोरांना आइस हॉकीला घातलेल्या मराठी आईबापांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. मला तो तीन जणांकडून आला, त्यातल्या दोघांनी 'नक्की वाचा' असं वर लिहून पाठवला होता. सांगणं असं: कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत लहान गावांचे दिवस संपले, संघ फक्त मोठ्या शहरांत टिकतात. गाव संघ गमावतं ते प्रेक्षक येत नाहीत म्हणून. अमेरिकी कॉलेजांच्या नव्या नियमामुळे लवकरच निम्मे संघ गुंडाळावे लागतील. आणि शेवटी सल्ला: मुलाचं करिअर हवं असेल तर आत्ताच अमेरिकेचा रस्ता धरा.

ज्यांच्या घरात हॉकी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडात 16 ते 20 वयाच्या खेळाडूंच्या तीन मोठ्या लीग आहेत: ओंटारियो, वेस्टर्न आणि क्वेबेक-मॅरिटाइम्स. तिन्ही मिळून साठेक संघ. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेची सगळ्यात मोठी व्यावसायिक हॉकी लीग. तिच्यात जाणारी बरीच मुलं इथूनच जातात. घरापासून लांब आलेली मुलं गावातल्या कुटुंबांकडे राहतात, त्या घरांना 'बिलेट' म्हणतात. संघ म्हणजे खाजगी मालमत्ता. मालक तो विकू शकतो आणि लीगने होकार दिला की दुसऱ्या गावी नेऊ शकतो.

आता पहिला दावा, मोठ्या शहराचा. टोरंटोला खेटून असलेल्या मिसिसागाची वस्ती 7 लाखांच्या वर. 1998 साली तिथे आइसडॉग्स हा नवा संघ आला. 2007 मध्ये तो सेंट कॅथरिन्सला गेला. त्याच वर्षी टोरंटोचा मेजर्स संघ मिसिसागात आला, पुढे त्याचंच नाव स्टीलहेड्स झालं, आणि 2024 मध्ये तोही शेजारच्या ब्रॅम्प्टनला निघून गेला. आता ब्रॅम्प्टनचं बघा. साडेसहा लाखांच्या या शहरात 1998 पासून बटालियन नावाचा संघ होता. 2013 मध्ये त्याने गाशा गुंडाळला आणि गेला कुठे, तर नॉर्थ बेला, जेमतेम पन्नास हजारांच्या गावात. तो अजून तिथेच आहे. लोकसंख्येवर संघ टिकत असते तर ही वरात उलट्या दिशेने निघायला हवी होती.

पश्चिमेकडची गोष्ट याहून मासलेवाईक. क्रॅनब्रूक हे ब्रिटिश कोलंबियातलं वीस हजारांचं गाव. तिथल्या 'कूटने आइस' या संघाने 2002 मध्ये मेमोरियल कप, म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला सर्वोच्च चषक जिंकला होता. 2019 मध्ये मालकांनी संघ साडेसात लाखांच्या विनिपेगला नेला. फिरत्या मजकुरात हे उदाहरण ठळक अक्षरांत आहे आणि नेमकं इथेच थांबतं. पुढचं मी सांगतो. विनिपेगमध्ये संघाला खेळायला मिळालं ते विद्यापीठाचं, दोन हजारही खुर्च्या नसलेलं रिंक, म्हणजे बर्फाचं बंदिस्त मैदान. नवं मोठं रिंक बांधायचं ठरलं होतं, ते उभंच राहिलं नाही. मैदानावर संघ झकास होता, 2023 मध्ये लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. आणि त्याच उन्हाळ्यात विकला जाऊन अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाचीला गेला. क्रॅनब्रूकमध्ये 21 वर्षं, विनिपेगमध्ये 4. वेनाचीत तर 'आइस' हे नावही उरलं नाही.

दुसरा दावा प्रेक्षकांचा. हा सगळ्यात घातक, कारण तो वाचून त्या त्या गावच्या लोकांना वाटतं की आपलंच चुकलं. प्रेक्षक महत्त्वाचे आहेत, वाद नाही. पण संघ हलतो तेव्हा बहुतेक वेळा गाठ अडकलेली असते ती रिंकपाशी. ओंटारियो लीगमध्ये हंगामात 68 सामने, त्यातले निम्मे घरी. म्हणजे वर्षाला 34 संध्याकाळी मालकाला रिंक हवं, तेही शक्यतो शुक्रवारी-शनिवारी. भाडं किती, पार्किंगचे पैसे कोणाचे, पॉपकॉर्न-बिअरच्या विक्रीतला वाटा किती, बर्फाभोवतीच्या फळ्यांवरच्या जाहिराती कोण विकणार, यावर हिशोब बसतो किंवा फिसकटतो. यातलं काहीच तिकीट काढून आत बसलेल्या माणसाच्या हातात नसतं.

ओंटारियोतल्या हॅमिल्टनला काय झालं बघा. तिथल्या बुलडॉग्स संघाने 2022 मध्ये ओंटारियो लीग जिंकली आणि पुढच्याच वर्षी संघ ब्रँटफर्डला गेला. सतरा हजार क्षमतेचं घरचं रिंक नूतनीकरणासाठी बंद होणार होतं, दुसरी सोय नव्हती. ब्रँटफर्ड म्हणजे हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्झकी याचं गाव, वस्ती लाखभर, रिंक जुनं आणि लहान. लहान रिंकमध्ये तीन हजार माणसं बसली की भिंती हादरतात. तीच तीन हजार सतरा हजारांच्या हॉलमध्ये बसवा, कोणीतरी गेल्यासारखं वाटतं.

ब्रिटिश कोलंबियातल्याच चिलिवॅकचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. 2006 मध्ये तिथे ब्रुइन्स हा नवा संघ दिला गेला, 2011 मध्ये तो व्हिक्टोरियाला गेला. विकत कोणी घेतला? व्हिक्टोरियाचं रिंक चालवणाऱ्या कंपनीने. तिचा स्वतःचा व्यावसायिक संघ होता, तो तिने बंद केला आणि रिंकच्या तारखा या संघाला दिल्या. चिलिवॅककर तिकिटं काढत होते की नव्हते, याने फारसा फरक पडला नसता.

आणि मालकच नसेल तर? सस्कॅचवानमधलं स्विफ्ट करंट, वस्ती सतरा हजारांच्या आतबाहेर. एवढ्या वस्तीला आपल्याकडे नगरपंचायतीवर समाधान मानावं लागतं. तिथला ब्रॉन्कोज संघ गावाच्या मालकीचा आहे. दरवर्षी सभा भरते, नफातोटा सगळ्यांसमोर वाचला जातो, आणि सभासद प्रश्न विचारतात. आपल्या सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेसारखंच, फक्त बाहेर उणे वीस. 2018 मध्ये वेस्टर्न लीग यांनी जिंकली. 2019 मध्ये प्रिन्स अल्बर्टने, 2024 मध्ये मूस जॉने. हीसुद्धा लहान गावं आणि दोन्ही संघ गावाच्याच मालकीचे. एका माणसाने सही करून हे संघ ट्रकमध्ये भरून नेता येत नाहीत.

फिरत्या मजकुराच्या बाजूचं एक उदाहरण मात्र खरं आहे. न्यू ब्रन्सविकमधलं बॅथर्स्ट, वस्ती बारा हजार. 2018 चा मेमोरियल कप जिंकलेला त्यांचा टायटन संघ 2025 मध्ये न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला गेला. इथे लहान गावाची ताकद कमी पडली हे मान्य. पण टायटन बॅथर्स्टला आला होता कुठून? मॉन्ट्रियलला खेटून असलेल्या लावालमधून, 1998 मध्ये. पुढे एनएचएलचा दिग्गज ठरलेला मारियो लेम्यू ज्या लावालमध्ये 70 सामन्यांत 282 गुण (स्वतःचे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) करून गेला, त्या तीन लाखांहून मोठ्या शहराला हा संघ सांभाळता आला नाही. बारा हजारांच्या गावाने 27 हंगाम सांभाळला. आणि सेंट जॉन्सला 2005 मध्येही याच क्वेबेक-मॅरिटाइम्स लीगचा एक संघ मिळाला होता. तो तीन हंगामांत गेला.

तिसरा दावा नियमाचा. अमेरिकी कॉलेजांची संघटना एनसीएए या तीन लीगच्या खेळाडूंना आधी घेत नसे. नोव्हेंबर 2024 मध्ये नियम बदलला आणि ऑगस्ट 2025 पासून दार उघडलं. वेस्टर्न लीगमधल्या मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मकेना पेन स्टेट विद्यापीठात गेला, ब्रॅम्प्टनचा पोर्टर मार्टोन मिशिगन स्टेटला. मोठे खेळाडू एखाद वर्ष आधी जाणार, हे खरंच. पण 'निम्मे संघ गुंडाळणार' कुठून आलं? वेस्टर्न लीगने संघ वाढवले: 2025-26 मध्ये पेंटिक्टन, 2026-27 पासून पुन्हा तेच चिलिवॅक. कारण सरळ आहे. कॉलेजचा रस्ता राखून ठेवायला मुलं पूर्वी ब्रिटिश कोलंबिया लीगसारख्या खालच्या पायरीवर थांबत. आता थांबायची गरज उरली नाही. झळ बसली ती त्या पायरीला. पेंटिक्टन तिथला 2022 आणि 2023 चा विजेता होता.

संघ खरोखर मोडीत निघण्याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेत मेन राज्यातला लुइस्टनचा संघ, 2011 मध्ये क्वेबेक लीगने बंद केलेला. खेळाडू बाकीच्या संघांनी वाटून घेतले. वर्षभराने शेरब्रुकला नवा संघ आला आणि आकडा होता तिथे आला.

राहिला सल्ला. डिसेंबरात लेकाला घेऊन ब्रॅम्प्टनच्या सामन्याला गेलो होतो, नेमकी टेडी बेअरची रात्र. घरच्या संघाचा पहिला गोल पडला की प्रेक्षकांनी बर्फावर कापडी खेळणी फेकायची, ती मग संस्थांना देतात. आमच्या रांगेत एक आजी होत्या, दोन खेळाडू त्यांच्या घरी राहतात. संघ मिसिसागाहून हलला तेव्हा काय बदललं, विचारलं. म्हणाल्या, "सरावाला जायला पंधरा मिनिटं लवकर निघतात, म्हणून नाश्ता आधी करावा लागतो." लेकाने टेडी फेकला तो काचेला लागून परत आमच्याच पायाशी पडला, आजींनी उचलून दुसऱ्यांदा फेकला, तो गेला. लेक अकरा वर्षांचा आहे. ओंटारियो लीगच्या निवडीला अजून चार वर्षं आहेत आणि तोवर या नकाशावरचे दोन-तीन ठिपके नक्की हललेले असतील. त्याला सध्या मागे वळून स्केटिंग करायला शिकवतोय, शनिवारी सकाळी सहाला, कारण रिंकची तीच वेळ रिकामी मिळते.