मोठं काडतूस चुकलेला नेम सावरत नाही

रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार शिकू पाहणाऱ्या अमेरिकेतल्या नवख्या माणसाला हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो. तो साधारण असा: ‘थेट .५०० एस अँड डब्ल्यू मॅग्नमच घ्या. ताकद जितकी जास्त, तितकं जनावर जागच्या जागी कोसळतं. नेम इकडेतिकडे झाला तरी मोठी गोळी सांभाळून घेते. धक्क्याची सवय होते. .४४ मॅग्नम आता जुनं झालं.’ गेल्या मोसमात इथे ओहायोत राहणाऱ्या माझ्या दोन मराठी स्नेह्यांनी हाच सल्ला मला पाठवला आणि विचारलं, हे बरोबर आहे ना? (हे आकडे म्हणजे काडतुसांची नावं, गोळीची जाडी साधारण इंचांत सांगणारी. एस अँड डब्ल्यू म्हणजे स्मिथ अँड वेसन ही बंदुकांची कंपनी.)

बरोबर नाही. आणि या सल्ल्याची किंमत माणूस मोजत नाही. पोटात गोळी घेऊन झाडीत पळालेलं हरीण मोजतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार हा गुन्हा आहे. इथे बोलतोय ते अमेरिकेतल्या परवाना घेऊन, ठरलेल्या मोसमात होणाऱ्या शिकारीबद्दल.)

आधी ‘जागच्या जागी कोसळतं’ याबद्दल. .५०० मॅग्नमची ऊर्जा मोठी आहे, यात वाद नाही. .४४ मॅग्नमची १,००० फूट-पाउंडांच्या आसपास, तर .५००ची २,५००च्या घरात. पण ऊर्जेचा आकडा म्हणजे ढकलण्याची ताकद नव्हे. शाळेतला संवेगाचा नियम आठवा. ३५० ग्रेनची, म्हणजे सुमारे २३ ग्रॅमची गोळी सेकंदाला १,८०० फूट वेगाने ७० किलोच्या हरणात घुसून आत थांबली, तर त्या हरणाला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम १८ सेंटिमीटर भरतो. .४४च्या २४० ग्रेनच्या गोळीने तो ९ सेंटिमीटर येतो. आपण रमतगमत चालतो तोही याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणजे दोन्हींपैकी कुठलीच गोळी हरणाला ‘पाडत’ नाही.

हरीण तिथल्या तिथे कोसळतं ते मेंदू किंवा पाठीचा कणा तुटला तर. एरवी ते मरतं रक्त जाऊन. गोळी दोन्ही फुप्फुसांतून किंवा काळजातून आरपार गेली, तरी ते पन्नास-शंभर यार्ड धावू शकतं आणि मग पडतं. रायफलच्या गोळीचा वेग इतका असतो की भोवतालचं मांसही फाटतं. रिव्हॉल्व्हरची गोळी मुख्यतः जाते तेवढ्याच वाटेवर काम करते. म्हणून भोक कुठे पडलं आणि ते पलीकडच्या बाजूने बाहेर निघालं का, याला सगळं महत्त्व. दोन भोकं असली की रक्ताचा माग नीट सापडतो. सपाट तोंडाची, कडक ओतीव शिशाची २४० ते ३०० ग्रेनची .४४ गोळी बेताच्या अंतरावर हरणाच्या छातीतून आडवी आरपार जाते. त्यानंतर उरलेली ताकद मागच्या मातीत जिरते. .५००ची जास्तीची ताकदही तिथेच जाणार.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘नेम चुकला तरी गोळी सांभाळून घेते.’

.४४ मॅग्नमच्या गोळीचा खरा व्यास .४२९ इंच आहे आणि .५००चा अर्धा इंच. फरक १.८ मिलिमीटरचा. म्हणजे भोकाच्या प्रत्येक बाजूला एक मिलिमीटरसुद्धा जादा मिळत नाही. उलट नेमाचा हिशेब पाहा. साडेसात इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, साधारण दहा इंचांचं अंतर असतं. पुढची साइट एकच मिलिमीटर हलली, तर ५० यार्डांवर गोळी १८ सेंटिमीटर बाजूला जाते. आणि व्हाइट-टेल हरणाच्या छातीतली मर्मस्थानाची जागा? जेवायच्या लहान ताटाएवढी, सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची. मधोमध धरलेला नेम एक मिलिमीटर ढळला की गोळी ताटाबाहेर गेली. गोळी जाड असल्याने मिळालेला एक मिलिमीटर त्या १८ सेंटिमीटरांपुढे कुठे पुरणार?

आणि ती साइट हलते कशाने? धक्क्याच्या भीतीने.

दोघा स्नेह्यांपैकी एकाने नवीकोरी .५०० घेतलीच होती. आम्ही रेंजवर गेलो. त्याच्या गोळ्या २५ यार्डांवर कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जात होत्या आणि तो साइटला दोष देत होता. मी त्याच्याकडून रिव्हॉल्व्हर घेतलं, पाठ फिरवली, सिलिंडरच्या पाच कप्प्यांत तीन जिवंत काडतुसं आणि दोन उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या भरल्या आणि कुठे काय आहे ते न सांगता परत हातात दिलं. पहिला बार उडाला. दुसऱ्यांदा त्याने चाप ओढला तेव्हा नुसता ‘टक्’ असा आवाज झाला आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं. डोळे मिटलेले, मनगट आवळलेलं. धक्का नव्हताच, तरी हात धक्क्याशी झुंजत होते. तो काहीच बोलला नाही, बराच वेळ नळीकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं तेच इथे सांगतो: यात कमीपणा नाही. कानाजवळ १६० डेसिबलच्या आसपास स्फोट होत असताना शरीर दचकणारच. म्हणून मी आता कानात बोळे आणि वर कान झाकणारे मफ असं दुहेरी संरक्षण वापरायला लावतो. बरंचसं दचकणं आवाजाचंच असतं.

‘सवय होते’ म्हणणाऱ्यांनी मागे येणाऱ्या धक्क्याचंही गणित करावं. तीन पौंडांच्या .४४मध्ये ती ऊर्जा १९ फूट-पाउंडांच्या जवळपास येते. साडेचार पौंडांच्या .५००मध्ये, एवढं वजन असूनही, ४५च्या वर. अडीच पट धक्का सोसत दिवसाला किती बार काढणार? आठ-दहा बारांनंतर तुम्ही नेम शिकत नाही, दचकणं पक्कं करता. .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशलची मवाळ काडतुसं चालतात. आठवडाभर ती वापरा, शेवटी मॅग्नमचे सहा बार काढा. .५००लाही हलकी काडतुसं मिळतात, हे मान्य. पण हलकीच वापरायची तर दोन किलोंचं लोखंड रानभर कशाला मिरवायचं?

‘जुनं झालं’ हा मुद्दा लवकर संपतो. बंदुकांवर लिहिणारे आयडाहोचे शिकारी एल्मर कीथ यांनी वर्षानुवर्षं .४४ स्पेशलची काडतुसं घरी जड भरून पाहिली, स्मिथ अँड वेसन आणि काडतुसं बनवणाऱ्या रेमिंग्टन या कंपन्यांच्या मागे लागले, आणि १९५५च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं. त्यानंतर हरणाची छाती जाड झालेली नाही. ओहायोचा नियम तर हरणासाठी .३५७ किंवा मोठं, सरळ पुंगळीचं काडतूस आणि किमान पाच इंची नळी एवढंच मागतो. .३५७ नवख्याने फार जवळूनच वापरावं असं मी म्हणेन, पण .४४ला अपुरं म्हणायला काहीच आधार नाही.

.५०० आणि .४५४ कॅसुल या दांडग्या काडतुसांना जागा नक्की आहे. अलास्काच्या तपकिरी अस्वलांच्या मुलखात किंवा रानरेड्यासमोर, आणि तेही ज्याचे हात त्या धक्क्याला खरोखर सरावलेत अशा माणसाकडे. अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकानेही सुरुवात .५००ने केली नव्हती.

माझी कसोटी साधी आहे. २० सेंटिमीटरची कागदी ताटली लावा. बेंचवरून नको. रानात बसाल तसं गुडघ्यावर कोपर टेकून सहा बार काढा. सहाच्या सहा ताटलीत बसतील तिथवर तुमचा पल्ला. पाचच बसले तर ताटलीच्या आणखी जवळ या. इथला बंदुकीचा आठवडा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. शनिवारी मी माझं .४४, स्पेशलची दोन खोकी आणि ताटल्यांचा गठ्ठा घेऊन रेंजवर आहे. दोघांनाही बोलावलंय.