‘वैतागलेला मिंटवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: माशी, माज आणि झोपेतून न उठणारं वायफाय

नमस्कार.

‘लिनक्समधला बग कळवायचा कसा’ (लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली, बग म्हणजे प्रोग्राममधली चूक) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवणार होते. पण तुम्ही जी भाषा वापरलीत ती वाचून नवीन वाचक बग कळवायच्या वाटेलाच जाणार नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी देते:

“मॅडम, लेख म्हणजे लिनक्सवाल्यांचा नेहमीचा माज आहे. हॉटेलात आमटीत माशी निघाली तर गिऱ्हाइकानं माशीची जात, लांबी-रुंदी आणि ती कुठल्या खिडकीतून आली ते लिहून द्यायचं का? माझ्या लॅपटॉपचं वायफाय झोपेतून उठल्यावर बंद पडतं. सिनॅमनच्या पानावर कळवलं, वर्ष होत आलं, कुत्रं विचारत नाही. वर सगळं इंग्रजीत. कमांडच्या ओळी मोबाइलवर तुटतात. पुस्तकी ज्ञान पाजळण्यापेक्षा सरळ सांगा ना, दुकानात या आणि पैसे द्या.”

कमांडच्या ओळी मोबाइलवर तुटतात हे तुमचं म्हणणं मान्य. त्या ओळी मी आता सुट्या करून टाकल्या आहेत. सांगितलंत त्याबद्दल आभार, आणि हे मनापासून.

आता ‘माज’. लेखात मी एका तरी वाचकाला अडाणी म्हटलंय का? एक तरी वाक्य दाखवा. मी एवढंच लिहिलं होतं की ‘चालत नाही’ हे दोन शब्द पाठवून समोरच्याला काही करता येत नाही, म्हणून सोबत काय पाठवावं ते पाहू. यात माज कुठे आला? आणि तो शब्द नेमका कुणाला लागतो याचा विचार करा. तुमचं मिंट उबुंटूवर उभं आहे, उबुंटू डेबियनवर, तिन्ही लिनक्सचेच अवतार. डेबियन 1993 पासून चालू आहे आणि त्यातलं बहुतेक काम लोक नोकरी-संसार सांभाळून, एक पैसा न घेता करतात. त्यांच्या कामात चुका असतात, ढिलाई असते, उत्तरं उशिरा येतात. मी स्वतः त्यावर याच ठिकाणी लिहिलंय. पण फुकट मिळालेल्या गोष्टीतली चूक कशी सांगावी एवढं समजावणाऱ्याला माजोरी म्हणायचं, हे मला पटत नाही.

‘पुस्तकी’ म्हणालात, म्हणून थोडं स्वतःबद्दल सांगणं भाग आहे. लिनक्सच्या सीडी मासिकासोबत यायच्या तेव्हापासून मी हे वापरते. उबुंटूवाले तेव्हा मागेल त्याला सीडी टपालानं फुकट पाठवायचे, 2011 साली ते बंद झालं. सांगलीत त्या सीडी मागवून वाटणाऱ्यांत मी होते. आधी एका क्लासमध्ये शिकवलं, मग गणपती पेठेत डीटीपीचं आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. 2019 च्या महापुरात पेठेत पाणी शिरलं तेव्हा माझी सगळी मशीन गाळात गेली. त्यानंतर नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून लोकांनी टाकून दिलेले जुने डबे गोळा केले, त्यांवर लिनक्स चढवलं आणि दुकान पुन्हा उभं केलं. जुन्या डब्यावर रोज एक नवा बग भेटतो. छपाईला पत्रिका अर्ध्यावर असताना प्रिंटर गायब होतो आणि समोर नवरीचे वडील उभे असतात. माझं पुस्तक ते आहे.

त्या दिवसांतलाच एक अनुभव सांगते, कारण तुमच्या माशीला उत्तर त्यात आहे. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांच्या याद्या आमच्याकडे टाइप व्हायच्या. एक दिवस त्यांचे दिवाणजी तक्रार घेऊन आले: ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द शोधला की निम्म्या पानांवर सापडतो, निम्म्यांवर सापडतच नाही, डोळ्यांना मात्र सगळीकडे दिसतो. त्यांच्या मते लिनक्समध्ये मराठी चालत नव्हतं. मीही तसंच लिहून पाठवलं असतं तर जगातल्या कुठल्याही प्रोग्रामरला त्यातून काय कळणार होतं?

आम्ही आधी तो शब्द अक्षरागणिक सोडवून पाहिला. मराठीतला हा आडवा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे साधा र, त्याला हलंत, आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह: युनिकोडमध्ये 0930, 094डी, 200डी. दुसरा म्हणजे नुक्तावाला ऱ आणि हलंत: 0931, 094डी. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, कागदावरही सारखेच छापले जातात, पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या नियमातसुद्धा हे दोन एकमेकांच्या बरोबरीचे धरलेले नाहीत. आमच्याकडे दोघी जणी टाइप करायच्या, एकीचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट, दुसरीचा फोनेटिक. गुंता तिथे होता. बग लिहायला बसलो आणि लिहिता लिहिताच कळलं की प्रोग्राम बिघडलेला नाही. एका प्रकारचा र सगळीकडे दुसऱ्या प्रकारात बदलून घेतला आणि याद्या शोधण्यासारख्या झाल्या. नेमकं लिहायची सवय नसती तर आजही आम्ही ‘मराठी चालत नाही’ म्हणत बसलो असतो.

आता तुमची माशी. तुमच्या प्रतिक्रियेतल्या याच वाक्याला लोकांनी सगळ्यात जास्त अंगठे दिलेत, म्हणून त्याला पूर्ण उत्तर देते.

हॉटेलमालक तुमच्या टेबलापाशी येतो, वाटीत बघतो आणि माशी त्यालाही दिसते. जात विचारायची गरजच पडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ज्यानं ड्रायव्हर (वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम) लिहिला तो कुठल्या तरी लांबच्या देशात बसलाय. त्याच्या लॅपटॉपवर वायफाय झोपेतून व्यवस्थित उठतं, त्याच्या शेजाऱ्याच्याही उठतं. तुमची वाटी त्याला कधीच दिसणार नाही. तुम्ही लिहाल तेवढंच त्याला दिसणार. म्हणून लेखात ‘एलएसपीसीआय -एनएनके’ या कमांडची ओळ मागितली होती: त्यात चिपचा क्रमांक आणि कुठला ड्रायव्हर चालू आहे, दोन्ही असतं. म्हणून ‘युनेम -आर’ मागितलं होतं, कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नेमकी आवृत्ती कळावी म्हणून. दोन्ही मिळून एक मिनिटाचं काम आहे.

‘कुठल्या खिडकीतून आली’ हा प्रश्न तुम्ही टिंगलीत विचारलात, पण खरा प्रश्न तोच आहे. अमुक कर्नलवर चालत होतं आणि तमुक कर्नलवर बंद पडलं, एवढं एक वाक्य जरी तुम्ही देऊ शकलात, तरी त्या दोन आवृत्त्यांमधले बदल निम्मे निम्मे करत तपासता येतात. ‘गिट बायसेक्ट’ हेच करतं. मध्ये हजार बदल असतील तरी साधारण 10 चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. मशीन चालू होताना ग्रबच्या (कुठलं कर्नल चालू करायचं ते निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुनं कर्नल बहुतेक वेळा शिल्लक असतं. ते निवडा, लॅपटॉप झोपवा, उठवा, बघा. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

आणि हॉटेलवाला माशी दिसली की वाटी पटकन आत नेतो, शेजारच्या टेबलाला कळू नये म्हणून. डेबियननं 1997 साली आपल्या सामाजिक करारात लिहून ठेवलं की अडचणी लपवणार नाही, बगांची सगळी नोंदवही कायम सगळ्यांसाठी उघडी राहील. नोंदींचे क्रमांक 10 लाखांच्या पुढे गेलेत. तिथे खातंसुद्धा उघडावं लागत नाही, साधा ईमेल चालतो, आणि ‘रिपोर्टबग’ हा प्रोग्राम चालवला तर पॅकेजची आवृत्ती, कर्नल, अवलंबून असलेली पॅकेजेस हे सगळं ते आपणहून भरतं. तुम्ही जिथे गिऱ्हाइकाच्या तोऱ्यात उभे आहात, तिथे तुम्हाला मुदपाकखान्यात यायचं आमंत्रण आहे. ते नको असेल तर नका येऊ, कुणाची सक्ती नाही. पण आत जाणाऱ्यांची टिंगल कशाला?

मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रोग्रामरला दिसलं की एसएसएचनं (दूरच्या मशीनवर शिरायच्या सोयीनं) लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर विनाकारण राबतोय. दोष निघाला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात, आणि ते तपासणं हे त्याचं काम नव्हतं. ‘माझा काय संबंध’ म्हणून त्यानं सोडून दिलं असतं, तर 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम पेरलेलं चोरदार डेबियनच्या स्थिर आवृत्तीत आणि तिथून अर्ध्या जगाच्या सर्व्हरांत जाऊन बसलं असतं. त्यानं वेळ मोजली, आवृत्ती पाहिली, मूळ शोधलं आणि 29 मार्चला सगळं पुराव्यासकट जाहीर केलं. तो तज्ज्ञ होता, हे तुम्ही म्हणणारच. होता. पण सुरुवात ‘इतका वेळ का लागतोय’ या प्रश्नानं झाली, आणि तो प्रश्न सांगलीतल्या कुणालाही पडू शकतो.

वर्षभर कुणी विचारलं नाही, याबद्दल. दादा, तुम्ही स्वतःच लिहिलंय की सिनॅमनच्या पानावर कळवलं. सिनॅमन हा डेस्कटॉप आहे: पॅनेल, मेनू, खिडक्या. वायफायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो आणि मिंटमधलं कर्नल उबुंटूच्या भांडारातून येतं. ज्यांच्या हातात ती गोष्टच नाही त्यांना तुम्ही वर्षभर कोसत बसलात. हे माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तो वाचला असतात तर ही प्रतिक्रिया लिहायची वेळ आली नसती, असं मला स्पष्टच म्हणायचं आहे. योग्य ठिकाणी पोचलेले बगही पडून राहतात, हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

इंग्रजीचं म्हणाल तर लॉग (मशीननं आपणहून ठेवलेली नोंद) इंग्रजीतच असतो, तो तसाच चिकटवायचा. तुमचं मशीन मराठीत असेल तर कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लावा, संदेश इंग्रजीत येतील. वर तुमची तीन-चार मोडकीतोडकी वाक्यं पुरतात. व्याकरण कुणी तपासत नाही.

राहिलं ‘दुकानात या आणि पैसे द्या’. हे वाक्य मला लागलं, लपवत नाही. माझ्या लेखात दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. हे सगळं फुकट लिहून ठेवल्यामुळे माझ्याकडे येणारं काम कमीच होतं, वाढत नाही. मिरजेहून, तासगावहून पोरं येतात, बग कसा लिहायचा विचारतात, समोर बसवून लिहून घेते आणि चहा पाजून पाठवते. त्यांच्यापैकी कुणाला विचारा मी किती पैसे घेतले. तुम्ही टोपणनावानं लिहिता, मी स्वतःच्या नावानं. असा आरोप करण्याआधी तेवढा तरी फरक लक्षात घ्यायला हवा होता.

तुमच्या वायफायचं मात्र सांगते, कारण तो त्रास खरा आहे आणि तो मी स्वतः भोगलाय. वायफाय गेलं की मशीन बंद-चालू करू नका. आधी ‘आरएफकिल लिस्ट’ चालवून रेडिओ अडवलेला तर नाही ना ते बघा. मग ‘जर्नलसीटीएल -बी -के’ चालवा. झोपणं आणि उठणं एकाच बूटमध्ये (मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत) होतं, त्यामुळे उठण्याच्या वेळेच्या आसपासच्या ओळी तिथेच मिळतील. फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) लोड झालं नाही, चिपनं उत्तर दिलं नाही, असलं काहीतरी लाल अक्षरात दिसेल. नाइलाजानं मशीन बंद करावंच लागलं तर पुढच्या वेळी ‘-बी -1’ लावा, म्हणजे आधीच्या बूटचा लॉग येतो. त्यानंतर ड्रायव्हर ‘मॉडप्रोब -आर’नं काढून पुन्हा घाला. तेवढ्यानं वायफाय परत आलं तर तीही नोंद करा, बिघाड कुठे आहे ते त्यावरून बरंच कळतं.

मग पेनड्राइव्हवर उबुंटू घ्या, इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालू करा, झोपवा आणि उठवा. तिथेही बंद पडलं तर तिथूनच ‘उबुंटू-बग लिनक्स’ चालवून उबुंटूकडे नोंदवा, कारण मग तो सरळसरळ त्यांच्या कर्नलचा प्रश्न आहे. तिथे बंद पडलं नाही तर दोन्हीकडची कर्नल आवृत्ती लिहून घ्या, ती तुलना सोन्यासारखी आहे. तुमचं मिंट एलएमडीई (थेट डेबियनवर उभं असलेलं मिंट) असेल तर उबुंटूचा संबंध नाही, डेबियनकडे जा. आणि लॉग चिकटवण्याआधी त्यातलं वायफायचं नाव आणि मॅक पत्ता (वायफाय-कार्डाचा ओळखक्रमांक) खोडा. ही पानं सगळ्या जगाला दिसतात आणि एकदा गेलेलं परत घेता येत नाही.

हे करून जे हाती येईल ते इथे खाली लिहा, लॅपटॉपचं मॉडेल आणि कर्नलची आवृत्ती सकट. मी वाचेन आणि बगचा मसुदा मराठीत असला तरी इंग्रजीत करून देईन. पुन्हा नुसती माशी आणि माज एवढंच लिहिणार असाल, तर मात्र माझ्याकडून उत्तर येणार नाही.