टॅक्स कमी केला की गुंतवणूक आपोआप वाढते? 2019 नीट आठवा

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की 2019 मध्ये कंपन्यांचा टॅक्स कमी केला म्हणून गुंतवणूक वाढली आणि सरकारची वसुली पण वाढली, म्हणजे टॅक्स कपात स्वतःचा खर्च स्वतःच भरून काढते. हे चूक आहे, आणि उद्या याच्याच जोरावर पुढची कपात मागितली जाईल म्हणून लिहितोय.

आधी गुंतवणूक. 20 सप्टेंबर 2019 ला अर्थमंत्री सीतारामन यांनी पणजीत कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्के केल्याचं सांगितलं, सेन्सेक्स त्या दिवशी 1900 पॉइंटच्या वर गेला, पण तेव्हा गाड्या खपत नव्हत्या, कारखान्यांची जवळपास 30 टक्के क्षमता रिकामी होती, मग आहेत तीच मशीन्स पूर्ण चालत नसताना नवीन मशीन कोण घेणार? शिवाय कपातीचा फायदा नफा झालेल्याला, तोट्यातल्याला मुळात टॅक्सच बसत नाही. पैसा गेला कुठे, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019-20 च्या वार्षिक अहवालातच आहे, की कंपन्यांनी तो कर्ज फेडायला आणि रोकड साठवायला वापरला, नवीन प्रकल्पांना नाही.

"मध्ये कोविड आला ना" असं म्हणाल, तर सहा महिन्यांत कारखाना उभा राहत नाही हे मला मान्य आहे. पण सप्टेंबर 2022 मध्येसुद्धा खुद्द अर्थमंत्री उद्योजकांना हनुमानाची आठवण करून देऊन विचारत होत्या की तुम्हाला अडवतंय काय, आणि 2019-20 मध्ये 3.36 लाख कोटी असलेला केंद्र सरकारचा भांडवली खर्च (रस्ते, रेल्वे अशा कामांवरचा), खासगी गुंतवणूक येत नाही म्हणून, 2023-24 पर्यंत साडेनऊ लाख कोटींच्या घरात न्यावा लागला.

आता वसुली. कंपनी कर 2018-19 मधल्या 6.63 लाख कोटींवरून 2019-20 मध्ये 5.57 लाख कोटींवर आला. सरकारच्या तुटीचं टार्गेट जीडीपीच्या 3.3 टक्के होतं, झाली 4.6, अर्थात सगळी यामुळेच नाही, पण खड्डा कर्जानेच भरला. पुढे आकडा वाढला कारण कोविडनंतर नफे वाढले, महागाई वाढली. तरी 2023-24 मध्ये वैयक्तिक इन्कम टॅक्स कंपनी कराच्या पुढे गेलेला, म्हणजे कंपन्यांपेक्षा पगारदार आणि इतर वैयक्तिक करदाते मिळून जास्त भरत होते.

आणि कोणी म्हणेल, कपातीसाठी कर्ज काढलं तरी अर्थव्यवस्था धावते, तर हे अर्धंच खरं, पैसा कोणाच्या हातात पडतो त्यावर ते ठरतं. 2020-21 मध्ये कर्ज काढूनच मनरेगावर 1.11 लाख कोटी खर्च झाले, पण त्यातली मजुरी गावी परतलेल्या लोकांच्या हातात पडली आणि लगेच किराणा दुकानात, बियाण्यात, औषधात गेली.