पक्षी मोजायला पैसे कशाला?

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या मोजणीसाठी निधी मागणं कुणाला पटणार? आमच्या गावाकडच्या ग्रुपवर मी तो मागितला, तेव्हा एका जुन्या मित्राने सुनावलं, "नेदरलँड्समध्ये बसून बोलायला काय जातंय तुझं!" त्याची चीड रास्त आहे. घरात पिंपं भरून ठेवावी लागतात तिथे बदकं-हंस ही चैनच वाटणार. पण पाणी आणि पक्षी असे दोन वेगळे हिशेब मला मांडता येत नाहीत. मोजणीच्या कागदावर पक्ष्यांबरोबर तलावाची अवस्थाही लिहितात: सांडपाणी येतंय का, अतिक्रमण होतंय का. आणि सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचं पाणी शहर पितं.

"यंदा उजनीत फ्लेमिंगो कमी" अशी बातमी आली की हळहळ सुरू होते. पण उजनी तुडुंब असेल तर उथळ चिखल उघडा पडत नाही, मग फ्लेमिंगो उशिरा येतात किंवा दुसरीकडे उतरतात. ते घटले की नुसते हलले, हे एका धरणावरून कळत नाही. त्यासाठी शेकडो पाणथळींवर एकाच हंगामात, वर्षानुवर्षं, खंड न पाडता मोजावं लागतं. भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत ही आशियाई पाणपक्षी गणना होते, तीही बहुतांशी हौशी पक्षीमित्रांच्या खिशातून.

इथे नेदरलँड्सच्या उत्तरेला वाडन समुद्राच्या बांधावर मोजणी पाहिली. भरतीचं पाणी चढलं की चिखलावर पांगलेले पक्षी कोरड्या पट्ट्यावर दाटीने येऊन बसतात. तेवढ्या वेळात दुर्बिणीतून दहा-दहाचे, शंभर-शंभरचे गठ्ठे करत आकडा धरायचा. थवा उडाला की पुन्हा पहिल्यापासून. मोजणारे इथेही बिनपगारीच. पैसा लागतो तो त्यांना शिकवायला, आकडे तपासायला आणि जपून ठेवायला. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स या समुद्रासाठी १९७८ पासून एकत्र काम करतात. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की इथला पैसा मॉरिटानिया आणि गिनी-बिसाऊच्या किनाऱ्यावरच्या मोजणीलाही जातो, कारण इथले पक्षी हिवाळ्यात तिथे असतात.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. ज्याला इथल्या लोकांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं, तो लांब चोचीचा ग्रुटो कित्येक दशकं घटतोच आहे. दुधाच्या धंद्यासाठी गवत लवकर कापतात, त्यात पिल्लं जातात. सगळी आकडेवारी हाताशी असूनही डच सरकारला ते थांबवता आलेलं नाही. मात्र "घट वगैरे काही नाही" असं म्हणायची सोय इथे कुणाला उरलेली नाही. आपल्याकडे ती अजून आहे.

स्थलांतरित पक्षी ज्या मार्गाने आपल्याकडे ये-जा करतात तो मध्य आशियाई, सुमारे ३० देशांचा. मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पट्टकदंब हंस कर्नाटकात दिसल्याच्या नोंदी आहेत. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यात हेच हंस मोठ्या संख्येने होते. कोंबड्यांच्या शेडवर कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला यातला धोका समजावून सांगावा लागणार नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत उझबेकिस्तानातल्या समरकंदला स्थलांतरित प्राण्यांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद झाली, तिथे या मार्गासाठीचा उपक्रम मंजूर झाला आणि त्याचं समन्वय केंद्र भारतात ठेवायचं ठरलं. हा मान मोठा आहे. पण दिल्लीत कार्यालय थाटून आणि बैठका घेऊन हिप्परग्यावरचा एकही हंस मोजला जात नाही. मी मागतोय त्या निधीतून जिल्ह्याला दोन चांगल्या दुर्बिणी मिळाव्यात, नोंदी सांभाळायला एक पगारी माणूस मिळावा. आणि उजनीत करमाळ्याच्या बाजूला होडी घेऊन येणाऱ्या मच्छीमाराला मोजणीच्या दिवसाची मजुरी मिळावी. पक्षी कुठे उतरलेत ते तोच दाखवतो, आणि त्या दिवशी त्याचं जाळं कोरडं राहतं.