एका गोळीने लिव्हर फाटत नाही

'पॅरासिटामॉलची एक गोळीही लिव्हरच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाचं आवरण फाडते', हा फॉरवर्ड आमच्या काकूने इतका मनावर घेतला की डेंग्यूच्या तापात तिने पॅरासिटामॉल बंद करून घरात पडलेली आयबुप्रोफेन घेतली. मेसेजमध्येच होतं, 'त्यापेक्षा दुसरी कुठलीही पेनकिलर बरी.' अजिबात नाही! डेंग्यूत प्लेटलेट आधीच खाली येतात, आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे तापाला पॅरासिटामॉलच देतात, डॉक्टर सांगतील तेवढंच.

आवरणाचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणारे भाग. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये एनएपीक्यूआय या विषारी पदार्थात बदलतो. नेहमीच्या डोसला पेशीतलं ग्लुटाथायोन त्याला निकामी करतं. डोस फार वाढला की हा साठा संपतो, विष मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांना चिकटतं, आतल्या आवरणात छिद्रं उघडतात, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनणं थांबतं आणि पेशी मरते. पण डोस नकळत वाढतो कसा? तापाची गोळी एक, सर्दीची दुसरी, आणि दोन्ही पाकिटांवर बारीक अक्षरात पॅरासिटामॉल. ही कामाची गोष्ट मेसेजमध्ये नाही.

डोकं फिरलं ते पुढचं वाचून: 'गोळ्या जास्त झाल्या तर गुळवेलीचा काढा प्या. दोन दिवस त्रास झाला नाही तर लिव्हर साफ.' अरे, जीव घ्यायचाय का कुणाचा? ओव्हरडोसनंतर पहिल्या दिवशी मळमळ-उलटी होते, कधी तेवढंही नाही. आत पेशी मरत असतात आणि माणूस चालता-बोलता असतो. यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. ते ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढतं. एडिनबराचे डॉक्टर प्रेस्कॉट यांनी 1979 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 100 रुग्णांचा अनुभव मांडला: गोळ्या घेतल्यापासून 8 तासांच्या आत शिरेतून दिलं तर लिव्हरची गंभीर हानी जवळजवळ टळते. काढा उकळत बसलात तर वेळ याच 8 तासांतून जातो. उशिरा आलेल्यालाही देतात, पण फायदा घटत जातो. त्रास असो-नसो, थेट हॉस्पिटल गाठा.

शिवाय गुळवेल घेतलेल्या 6 जणांच्या लिव्हरला झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्येच नोंदवली आहे. वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. असेल. पण ज्यावर वाद आहे ते उताऱ्याच्या जागी देणार?