अंटार्क्टिकाला निघालात? आधी जहाजावरची माणसं मोजा

गेल्या रविवारी माझी मावसबहीण एक ब्रोशर घेऊन घरी आली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या सहा-सात जणी मिळून पुढच्या वर्षी अंटार्क्टिकाला जायचं म्हणतायत. ब्रोशरवर पांढरंशुभ्र, बारा मजली जहाज. पोहायचा तलाव, नाटकाचं थिएटर, आठ प्रकारची रेस्टॉरंट्स. आणि अगदी खाली बारीक अक्षरात दोन शब्द, 'सीनिक क्रूझिंग'. मी विचारलं, "अगं, उतरणार कुठे?" ती म्हणाली, "म्हणजे काय, अंटार्क्टिकालाच ना!"

त्या जहाजावर दोन हजारांच्या वर प्रवासी. ते एकाही माणसाला तिथे जमिनीवर उतरवणार नाही. डेकवरून बर्फ बघायचा आणि परत यायचं. आयुष्यभराची पुंजी मोडून निघालेल्या या बायकांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. पैसे भरायला चार दिवस उरले होते. मला फार वाईट वाटलं, रागही आला, म्हणून लिहायला बसले. लांबलंय, पण जायचा विचार असेल तर वाचा.

अंटार्क्टिकाला प्रवासी नेणाऱ्या बहुतेक कंपन्या 'आयाटो' नावाच्या संघटनेच्या सभासद आहेत. १९९१ साली ती स्थापन झाली. तिचे नियम साधे आहेत. जहाजावर ५०० पेक्षा जास्त प्रवासी असतील तर कोणालाच उतरवायचं नाही. एका जागी एका वेळी एकच जहाज, आणि जमिनीवर एका वेळी जास्तीत जास्त १०० माणसं. वीस माणसांमागे किमान एक गाईड. हे नियम माहीत असले की ब्रोशर वाचण्याची रीतच बदलते.

हिशोब करून बघा. जहाजावर ९० जण असतील तर सगळे एकदम उतरतात आणि दोन-अडीच तास तिथे राहू शकतात. १९० असतील तर अर्धे जमिनीवर, अर्धे झोडियॅकमध्ये, म्हणजे फुगवलेल्या रबरी होड्यांमध्ये. मग अदलाबदल. तेही चांगलंच, कारण होडीतूनही पुष्कळ दिसतं. पण साडेचारशे असतील तर चार-पाच तुकड्या पडतात. तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही लाइफ जॅकेट घालून जहाजातच बसलेले, आणि पाळी आली की तासाभरात परत फिरायचं. तिकीट 'अंटार्क्टिकात पाच दिवस' असंच म्हणतं. प्रत्यक्ष पाय जमिनीवर किती तास, हे कोणी छापत नाही.

आम्ही दोघं २०२४ च्या फेब्रुवारीत जाऊन आलो. जहाजावर आम्ही ९४ प्रवासी. दोघांच्या खर्चात बडोद्यात एक चांगली गाडी दारात आली असती. मी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर एकदा पेंग्विन त्याच्या घरी बघायचा, हे खूप आधीपासून ठरलेलं होतं.

खरं सांगू, पहिला अर्धा तास फुकट जातो. सगळ्यांचाच. फोटो, बुटांत गेलेला बर्फ, हातमोजे काढायचे-घालायचे, आणि नाकात शिरणारा विष्ठेचा तो उग्र वास. मग हळूहळू माणसं गप्प होतात आणि दिसायला लागतं. जेंटू पेंग्विनची पिल्लं फेब्रुवारीत जवळजवळ आईबापांएवढी झालेली असतात आणि भूक प्रचंड. समुद्रातून पोट भरून आलेला पक्षी किनाऱ्यावर पाय टेकतो न टेकतो तोच दोन पिल्लं त्याच्या मागे लागतात. तो पळतो. खरंच पळतो, दगडांवरून, चिखलातून, दुसऱ्यांच्या घरट्यांमधून, आणि पिल्लं पडत-धडपडत मागे. जे चिकाटीनं पाठलाग सोडत नाही त्याला घास मिळतो. मी एकाच पिल्लाकडे चाळीस मिनिटं बघत होते. तासाभराच्या भेटीत हे कसं जमणार?

तिथे पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. त्या मोसमात पक्ष्यांच्या फ्लूची भीती होती, त्यामुळे जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही. माझे गुडघे दुखले, पण नियम योग्यच होता. उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवायचे, खिसे आणि व्हेलक्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूम करून घ्यायच्या, आपल्याकडचं गवताचं एखादं बी तिकडे जायला नको म्हणून. आणि खायचं काहीही किनाऱ्यावर न्यायचं नाही.

इथे जेवणाचा मुद्दा येतोच. आपल्याकडे पहिला प्रश्न 'महाराज आहे का?', म्हणजे आपला स्वयंपाकी आहे का, हा असतो. एजंट म्हणतो, "बेन, मोटुं जहाज लो, एमां बधुं मळे", म्हणजे मोठं जहाज घ्या, त्यात सगळं मिळतं. लहान जहाजावर गुजराती थाळी मिळत नाही, हे खरं आहे. पण आधी लेखी कळवलं तर शाकाहारी जेवण व्यवस्थित मिळतं. आम्हाला रोज डाळ-भात नव्हता, पण उपाशीही राहिलो नाही. सोबत नेलेले ठेपले केबिनमध्ये खाल्ले. दहा दिवसांच्या थाळीसाठी किनाऱ्यावरचे तास सोडून द्यायचे हे मला पटत नाही, कोणी कितीही समजावलं तरी.

देवमाशाचं सांगायलाच हवं. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, बडोद्यातल्या प्रत्येक मुलानं पाहिलेला. सत्तर फुटांहून लांब. दरवर्षी मी वर्ग घेऊन त्याच्याखाली उभी राहायचे आणि जबड्याची हाडं दाखवायचे. अंटार्क्टिकातल्या विल्हेल्मिना उपसागरात आमच्या होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि वीसेक हातांवर हम्पबॅक जातीचा एक देवमासा वर आला. त्यानं श्वास सोडला. तो आवाज छातीत जाणवतो. कुजक्या मासळीच्या वासाचा ओला फवारा आमच्या तोंडावर आला, आणि मला रडू आलं. इतकी वर्षं मी हाडं शिकवत होते.

आम्ही तिथे तासापेक्षा जास्त थांबलो, कारण कप्तानानं दुपारचा कार्यक्रम पुढे ढकलला. माणसं कमी असली की असं जमतं. पाच तुकड्यांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या जहाजाला ते शक्य नाही.

आता लहान जहाजाचा त्रास. तो लपवून सल्ला देणं बरोबर नाही. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधला ड्रेक पॅसेज ओलांडायला जवळपास दोन दिवस लागतात आणि लहान जहाज तिथे जास्त डोलतं. माझे यजमान दीड दिवस अंथरुणातून उठले नाहीत. समुद्र लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्या, तिथे हेलकावे सर्वांत कमी. बाल्कनीची वरची केबिन महाग असते आणि नेमकी तीच जास्त हलते. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानानं अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे जहाज गाठायची सोयही आहे, पण हवा बिघडली की विमान अडकतं.

आणि सुरक्षितता. माझ्या भावानं विचारलं होतं, "छोटं जहाज बुडलं तर?" प्रश्न रास्त आहे. अशा सफरींसाठीच १९६९ साली बांधलेलं 'एक्सप्लोरर' हे लहानसं लाल जहाज २३ नोव्हेंबर २००७ ला साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडालं. सगळे १५४ जण वाचले, पण काही तास लाइफबोटींमध्ये, त्या थंडीत. ते जहाज तेव्हा अडतीस वर्षांचं होतं. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांना पोलर कोड, म्हणजे सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू आहे. तरीही जहाज कोणत्या साली बांधलं आणि त्याचा आइस क्लास, म्हणजे बर्फात टिकायच्या ताकदीचा दर्जा, कोणता, हे विचाराच. स्वस्तात मिळतंय म्हणून हे प्रश्न गिळू नका. जहाजावर डॉक्टर आहे का आणि विम्यात तिथून हलवण्याचा खर्च धरलाय का, हेही.

त्याखेरीज मी दोनच गोष्टी विचारते. झोडियॅक किती, म्हणजे सगळे प्रवासी एकदम पाण्यात उतरू शकतात का? आणि मोहिमेच्या चमूत निसर्ग जाणणारे किती? आमच्याकडे एक पक्षितज्ज्ञ बाई होत्या, रात्री अकरा वाजताही डेकवर भेटायच्या. उघडा डेक पुढून मागून मोकळा आहे का, हे फोटोत बघा. स्पा आणि आलिशान केबिनचे फोटो ओलांडून पुढे जा.

दुसरीकडे जाणार असाल तरी माणसं मोजायचीच. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर जाणाऱ्या जहाजावर १०० पेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत आणि एका गाईडमागे जास्तीत जास्त १६. उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून संरक्षित भागांत २०० प्रवाशांची मर्यादा आली आणि ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, मार्च ते जून ५०० मीटर लांब राहावं लागतं. तिथे मोठी दुर्बीण न्या.

'मग जायचंच कशाला? माणसं जाऊन जाऊनच ती जागा बिघडते', असं मला एका जुन्या विद्यार्थिनीनं विचारलं. २०२३-२४ च्या मोसमात तिकडे एक लाखाहून जास्त प्रवासी गेले आणि त्यात आम्ही दोघं होतो. मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही, तिचा प्रश्न मनात राहिलाय. पण जाणारच असाल तर कमी माणसांच्या जहाजानं जा, नियम पाळा, आणि पुन्हा पुन्हा जाऊ नका. मी दुसऱ्यांदा जाणार नाही.

काल मावसबहिणीचा फोन आला. तिनं एजंटाला दुसरं जहाज शोधायला लावलं, १९९ प्रवाशांचं. १९९ हा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण २०० च्या वरच्या जहाजांना उतरायच्या कित्येक जागा बंद आहेत. अर्धे जमिनीवर, अर्धे होडीत, चालेल. झोडियॅक किती ते विचार म्हटलं. एजंट दोन दिवसांत कळवतो म्हणालाय. तोवर पैसे भरायचे नाहीत, असं त्या सगळ्याजणींनी ठरवलंय.